प्लेटलेटच्या शेजारचा आकडा

डेंग्यूच्या रुग्णाच्या घरी एकच प्रश्न: प्लेटलेट किती? दीड लाखाखाली आकडा गेला की पपईच्या पानांची शोधाशोध सुरू. त्याच सीबीसी अहवालात हिमॅटोक्रिट, म्हणजे पीसीव्ही, असतो. रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला हा टक्का. त्याकडे मात्र कुणी बघत नाही.

गंभीर डेंग्यूत केशवाहिन्या झिरपू लागतात. प्लाझ्मा बाहेर पडतो, पेशी आत राहतात आणि रक्त आटलेल्या आमटीसारखं दाट होतं. मूळ 40 असलेला हिमॅटोक्रिट 48 झाला, म्हणजे 20 टक्के वाढला, तर गळती ठळक आहे. हिमॅटोक्रिट चढतोय आणि प्लेटलेट झपाट्याने घसरताहेत, ही जोडी जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये धोक्याच्या खुणांत घातली. फसवी गोष्ट अशी, की हे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरताना घडतं. घरचे तेव्हाच निर्धास्त होतात!

एकट्या अहवालावरून फारसं कळत नाही; तुलनेला आधीचा हवा. तो जपून ठेवा. आणि ताप उतरूनही पोट सतत दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, तर पुढच्या अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठा.