इरावतीबाईंची गंमत

गटाची बैठक आटोपली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की आम्ही एखादा ललित लेख मोठ्यानं वाचतो. ललित लेख म्हणजे गोष्ट नव्हे, भाषणही नव्हे. लिहिणारी आपल्याच आयुष्यातला लहानसा प्रसंग घेते आणि ओट्यावर बसून सांगावं तसं सांगत जाते. आमच्या आवडीच्या आहेत इरावती कर्वे.

बाईंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या नदीवरून नाव ठेवलं इरावती. जर्मनीत जाऊन डॉक्टरेट मिळवली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवलं. 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण एवढी विद्वान बाई लिहिताना स्वतःचीच फिरकी घेते, म्हणून ती आपल्यातली वाटते.

'परिपूर्ती' हा लेख घ्या. पुस्तकाचं नावही तेच, १९४९ चं. समारंभात बाईंची ओळख करून देतात: यांची कन्या, महर्षी कर्व्यांची सून, त्यांची पत्नी. बाईंना वाटतं, काहीतरी राहिलं. काय राहिलं ते त्या लगेच सांगत नाहीत, गंमत तिथंच आहे. पुढे रस्त्यात शाळकरी पोरं त्यांना ओळखतात, ती आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून. झालं, ओळख पुरी!

यावर आमच्याकडे भांडणच जुंपलं. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. माहेरी 'अमक्यानी पोर', सासरी 'तमक्यानी माय', हे आपलं रोजचंच. एक जण म्हणाली, हा टोमणा आहे, एवढी शिकली तरी नाव शेवटी पोराचंच. दुसरी म्हणाली, टोमणा कसला, आईचा आनंद आहे तो. मूल नसलेली एक ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझी ओळख अर्धीच राहिली का?"

आम्हाला वाटतं, लेखातला आनंद खरा आहे आणि बारीक चिमटाही खरा आहे. ताईच्या प्रश्नाला मात्र त्यात उत्तर नाही. त्या दिवशी आम्ही वहीत तिचं नाव तिच्या एकटीचंच लिहिलं. तिनंच तसं सांगितलं.

पुढच्या बैठकीला पंढरीच्या वारीवरचा 'वाटचाल' आहे. मुक्ताईनगरहून मुक्ताईच्या पालखीबरोबर चाललेल्या बायांना तो लगेच कळेल. त्यात हसू कमी. एकाच दिंडीत जातीप्रमाणे वेगळं जेवण, हे बाईंना फार सलतं. पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात मागा. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी शेंगा फोडत ऐकायचं.