हरळीची शिल्लक

मे महिन्याच्या अखेरीस अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर एखादी चक्कर मारा. सुरूच्या बनापलीकडची मोकळी जागा वाळून तपकिरी झालेली दिसेल. हरळी मेली, असेच कोणालाही वाटावे. पण पावसाच्या दोन-चार चांगल्या सरी पडल्या, की काही दिवसांतच तीच जमीन हिरवी दिसू लागते. आता विचार करा. वनस्पतीचे अन्न पाने तयार करतात, हे तुम्ही शिकला आहात. मग हिरवे पान शिल्लक नसताना पहिले पान कशाच्या बळावर फुटले?

उत्तर मातीत आहे. हरळीचा एक गड्डा मुळांसकट उपटून पाहा. जमिनीवर सरपटणारी धावती खोडे असतात, आणि मातीत पांढरी, टोकदार, पेरे असलेली मूलक्षोडे असतात. पांढऱ्या तुकड्याला आडवा छेद द्या व त्यावर पातळ केलेल्या आयोडिनाचा थेंब टाका. निळसर काळा रंग आला, तर तेथे पिष्ट आहे. हीच हरळीची शिल्लक. (थंड देशांतील अनेक गवते पिष्टाऐवजी फ्रुक्टान नावाची साखरेची साखळी साठवतात; काम तेच.)

ही शिल्लक जमते कशी? पाने प्रकाशसंश्लेषणाने साखर तयार करतात. तिच्यातून श्वसनाचा खर्च भागतो, नवी पाने व मुळे घडतात, आणि उरले तर पिष्ट होऊन साठते. पाने कापली, की मिळकत घटते आणि नवी पाने घडवण्याचा खर्च मात्र वाढतो. म्हणून एका कापणीत पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, असा हिरवळ राखणाऱ्यांचा नियम आहे.

आता खताकडे वळू. समजा, क्रीडामहोत्सव जवळ आला म्हणून तुमच्या शाळेने मैदानावर भरपूर युरिया टाकला. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. आठवड्याभरात मैदान गर्द हिरवे होते आणि सारेजण खूश होतात. पण मुळांनी घेतलेल्या नायट्रोजनापासून ॲमिनो आम्ले बनवायची, तर त्यांचा कार्बनचा सांगाडा साखरेतूनच घ्यावा लागतो. वर नव्या पेशी भराभर वाढू लागतात, त्यांनाही साखर हवी. रोजची मिळकत पुरेनाशी झाली, की साठ्यातले पिष्ट बाहेर काढले जाते आणि मुळांच्या वाट्याला कमी येते. त्यात गवत वाढले म्हणून दर चार दिवसांनी ते बुडापासून कापले, तर वरून हिरवेगार दिसणारे मैदान आतून रिकामे होत जाते. पुढे पाणी तुटले किंवा रोग पडला, की ठिकठिकाणी टक्कल पडते. किनाऱ्याच्या रेताड जमिनीत आणखी एक अडचण असते. तेथे नायट्रोजन पाण्याबरोबर लवकर खाली झिरपून जातो, म्हणून एकदम मोठा डोस देण्यापेक्षा थोडे थोडे खत देणे बरे.

मग खत द्यायचेच नाही का? तसे नव्हे. नायट्रोजनाविना हरितद्रव्य बनत नाही. गंमत अशी, की उपाशी गवतात पिष्टाचा साठा कधी कधी भरपूर आढळतो. पण पेशी घडवायला नायट्रोजन नसल्याने तो नुसता पडून राहतो. तेव्हा केवळ साठा मोठा म्हणजे गवत सुदृढ, असे समजू नका.

वाढ रोखण्याचा दुसरा उपाय म्हणजे वृद्धि-नियंत्रके. त्यांची कथा भातापासून सुरू होते. 1926 मध्ये कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवले, की भाताची रोपे एका रोगात लांबच लांब वाढतात ती एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे. 1935 मध्ये याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. पुढे कळले, की निरोगी वनस्पतीही ते स्वतः तयार करतात आणि त्यामुळे पेशी लांबतात. हिरवळीवर फवारले जाणारे ट्रिनेक्सापॅक-एथिल जिबरेलिन तयार होण्याच्या शेवटच्या पायऱ्यांपैकी एक अडवते. हापूसच्या बागायतदारांना माहीत असलेले पॅक्लोब्युट्राझोल त्याआधीची पायरी अडवते. दोन्हींत पाने आखूड राहतात, पण प्रकाशसंश्लेषण चालू असते. खर्च घटल्यामुळे साखर खोडांत व मुळांत उरू शकते. मात्र काही आठवड्यांनी औषधाचा असर ओसरला, की दबलेली वाढ एकदम उसळते आणि जमलेली शिल्लक झपाट्याने खर्च होऊ शकते. फवारणीचे वेळापत्रक म्हणूनच महत्त्वाचे.

ही औषधे तुम्ही हाताळू नका; खताचा प्रयोग मात्र शिक्षकांच्या मदतीने जरूर करा. दोन सारख्या कुंड्यांत हरळी लावा. ती चांगली पसरली, की एका कुंडीला अर्धा ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून द्या. महिनाभर दोन्ही उन्हात ठेवा आणि दर आठवड्याला सारख्याच उंचीवर कापा. मग दोन्हींतले गवत मातीलगत कापून कुंड्या अंधाऱ्या खोलीत उलट्या बादल्यांखाली ठेवा. पाणी घालत राहा. पिवळट पांढरे कोंब येतील. उजेड नसल्याने ते केवळ साठ्यावर वाढलेले असतात. ते वरचेवर कापून, वाळवून, दोन्ही कुंड्यांचे वेगवेगळे जमवा. नवे कोंब येणे थांबले, की वजन करा. पहिल्या दिवसांतील कोंबांच्या उंचीवर जाऊ नका. युरियाच्या कुंडीतले कोंब सुरुवातीला जोरात येऊ शकतात. शेवटपर्यंतचे एकूण वजनच पाहायचे.