बारा टोकांचा तारा : नौरूच्या ध्वजाची कहाणी

ध्वज ही तसे पाहिले तर कापडाची वस्तू. बाजारात ते कापड वारावर मोजून मिळते, उन्हात विटते आणि पावसात भिजते. असे असूनही त्याच्यापुढे माणसे अदबीने उभी राहतात आणि प्रसंगी त्याच्यासाठी प्राणही देतात. याचे कारण उघड आहे. ध्वजात कापड थोडे असते आणि करार मोठा असतो. आम्ही इतके जण एक आहोत, आणि पुढेही एक राहणार आहोत, असे एका जनसमूहाने स्वतःला आणि जगाला दिलेले ते वचन असते. आपल्या संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्य मिळण्याच्या चोवीस दिवस आधी, तिरंगा स्वीकारला. राज्ययंत्र हाती येण्यापूर्वी ध्वज ठरवावा लागला, यातच त्याचे महत्त्व दिसून येते.

अलीकडे या कापडाला एक नवे रूप प्राप्त झाले आहे. मोबाइलवर संदेश पाठविताना आपण शब्दांच्या शेवटी एखादे हसरे तोंड किंवा जोडलेले हात टाकतो, तसाच वाटाण्याएवढा एखादा ध्वजही टाकतो. सामना जिंकला की तिरंगा, मुलगा परदेशी गेला की तिकडचा ध्वज. या चित्रांना ‘इमोजी’ म्हणतात. शब्द जपानी आहे : ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. आपण त्याला चित्राक्षर म्हणू. मोबाइलमध्ये अशी अडीचशेहून अधिक ध्वजचित्रे असतात. त्यांपैकी बहुतेकांकडे आपले बोट कधीच जात नाही. अशाच एका दुर्लक्षित चित्राचा अर्थ येथे उलगडून पाहावयाचा आहे. ते चित्र नौरू या देशाचे.

चित्रात काय आहे

नौरू हे पॅसिफिक महासागरातील एकुलते एक बेट. क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. सकाळी चहा घेऊन किनाऱ्याच्या रस्त्याने चालू लागलेला धडधाकट माणूस बेटाला प्रदक्षिणा घालून दुपारच्या जेवणाला घरी परत येऊ शकेल. लोकसंख्या दहा-बारा हजार. आपल्याकडे एखाद्या मोठ्या बाजाराच्या गावाची असते तेवढी. जगातील सर्वांत लहान प्रजासत्ताक ते हेच.

त्याचा ध्वज म्हणजे जवळजवळ एक नकाशाच आहे. सगळी पार्श्वभूमी गडद निळी. तो पॅसिफिक महासागर. मधोमध आडवी, बारीक, पिवळी रेघ; ते विषुववृत्त. आणि त्या रेघेच्या खाली, काठीकडच्या बाजूला, एक पांढरा तारा, तेच नौरू. तारा रेघेखाली काढला आहे तो शोभेसाठी नव्हे. हे बेट खरोखरच विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, अर्ध्या अंशाहून थोडेसे पुढे आहे. बहुतेक राष्ट्रांचे ध्वज आपला इतिहास, आपला धर्म किंवा आपले आदर्श सांगतात. हा ध्वज आधी पत्ता सांगतो. अफाट सागरात ज्याचे घर मोहरीएवढे आहे, त्याने प्रथम आपण कोठे राहतो हे सांगावे, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

परंतु खरी गोष्ट त्या ताऱ्यात आहे. या ताऱ्याला बारा टोके आहेत. नौरूचे मूळ लोक बारा कुळांत विभागलेले होते, आणि प्रत्येक टोक हे एका कुळाचे. कूळ तेथे आईकडून येते. बापाचे कूळ कोणतेही असो, मूल आईच्या कुळातले. या बारांपैकी इरुत्सी आणि इरुवा ही दोन कुळे आता नामशेष झाली आहेत. तरीही ताऱ्याची टोके बारा ती बाराच राहिली. जे उरले त्यांनी गेलेल्यांची टोके छाटून टाकली नाहीत. आपल्याकडे श्राद्धाच्या दिवशी ज्यांचा वंश खुंटला त्यांच्याही नावाने पाणी सोडण्याची चाल आहे, तिची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

मोजदादीने धास्तावलेले लोक

कुळांच्या संख्येला एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी या लोकांचा गेल्या शतकातील इतिहास थोडा पाहिला पाहिजे. तो सारा माणसे मोजण्याचा इतिहास आहे.

१८८८ साली जर्मनीने हे बेट आपल्या साम्राज्यास जोडले. १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू होताच, ते ऑस्ट्रेलियाच्या फौजेने घेतले. १९२० मध्ये तेथे इन्फ्लुएंझाची साथ आली आणि मूठभर वस्तीतून पुष्कळ माणसे गेली. वस्ती १,५०० च्या खाली राहिली तर ही जमात पृथ्वीच्या पाठीवरून पुसली जाईल, असे तेव्हा मानले जाऊ लागले. मग एकेक जन्म मोजला जाऊ लागला. २६ ऑक्टोबर १९३२ रोजी एका मुलीच्या जन्माने तो आकडा पुरा झाला. त्या दिवसाला ‘अंगाम’ म्हणतात, आणि तो तेथे अजून सणासारखा पाळला जातो. एक बाळ जन्मले म्हणून साऱ्या राष्ट्राने सण करावा, अशी उदाहरणे पुराणांत सापडतील. इतिहासात फार थोडी.

हा आनंद टिकला नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानने बेट घेतले, आणि पुढच्या वर्षी सुमारे १,२०० नौरूवासीयांना सक्तीने दूरच्या ट्रुक बेटांवर राबण्यासाठी नेले. उपासमार, रोगराई आणि बाँबवर्षाव यांतून वाचून त्यांपैकी ७३७ जण परत आले. ते मायभूमीच्या किनाऱ्यावर उतरले तो दिवस होता ३१ जानेवारी १९४६. आकडा पुन्हा १,५०० च्या खाली गेला होता; तो भरून निघावयास १९४९ साल उजाडले.

ही तारीख ध्यानात ठेवावी. पुढे बावीस वर्षांनी नौरूने आपले स्वातंत्र्य घोषित केले ते ३१ जानेवारी १९६८ रोजी, आणि निळा-पिवळा ध्वज स्वीकारला गेला तोही याच दिवशी. मुहूर्त पंचांगात पाहिलेला नव्हता. जिवंत उरलेली माणसे ज्या दिवशी घरी परतली, तोच दिवस त्यांनी राष्ट्राचा जन्मदिवस ठरविला.

जमीन की राष्ट्र?

मधल्या काळात आणखी एक पेच पडला होता. ध्वजाचा खरा अर्थ त्यातून उघड होतो.

नौरूच्या पोटात उत्तम प्रतीचे फॉस्फेट होते. पिकांना घालावयाच्या खतासाठी फॉस्फेट किती मोलाचे आहे, हे आपल्याकडील शेतकऱ्याला सांगावयास नको. एका कचेरीत दार अडविण्यासाठी ठेवलेला दगड साध्या दगडासारखा नाही असा संशय आल्बर्ट एलिस यांना आला, त्यांनी तो तपासला, आणि त्यातून या साठ्याचा शोध लागला, अशी हकीकत आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खाणी सुरू झाल्या. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी त्या आपल्या ताब्यात घेतल्या आणि मालाची वाटणीही ठरविली : पहिल्या दोघांना शेकडा ४२ प्रत्येकी आणि न्यूझीलंडला १६. या वाटणीच्या बेरजेत नौरूवासीयांसाठी एकही टक्का उरत नाही. त्यांच्या पदरात पडे ते स्वामित्वशुल्क, आणि तेही दीर्घकाळपर्यंत नाममात्र.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची शेते त्या खताने हिरवी झाली; बेटाचा मधला भाग मात्र उकरला जाऊन तेथे चुनखडकाचे उघडे सुळके तेवढे उभे राहिले. बेटाचा सुमारे चार पंचमांश भाग अशा रीतीने निकामी झाला. लोकवस्तीस उरली ती मुख्यतः किनाऱ्याची चिंचोळी पट्टी.

तेव्हा एक तोडगा सुचविण्यात आला. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्याच्या किनाऱ्यालगत कर्टिस नावाचे बेट आहे. तेथे सगळ्या नौरूवासीयांनी जाऊन राहावे, घरे मिळतील, कामधंदा मिळेल. व्यवहारी माणसाने या सूचनेला वाईट म्हटले नसते. उकरलेल्या खडकाच्या बदल्यात नौरूच्या कित्येक पटींनी मोठी भूमी मिळत होती! पण अट अशी होती की तेथे गेल्यावर त्यांनी ऑस्ट्रेलियाचे नागरिक व्हावे. वेगळे राष्ट्र म्हणून राहता येणार नाही. हॅमर डीरोबर्ट यांच्या नेतृत्वाखाली नौरूवासीयांनी १९६४ मध्ये हा प्रस्ताव नाकारला. चांगली जमीन घेऊन राष्ट्र सोडावयाचे, की राष्ट्र ठेवून उजाड जमिनीवर राहावयाचे, असा हा सरळ प्रश्न होता. आणि त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. चार वर्षांनी हेच डीरोबर्ट स्वतंत्र नौरूचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

हा निर्णय सुखाचा ठरला काय? सर्वस्वी नाही. स्वातंत्र्यानंतर खाणी नौरूच्या हाती आल्या, काही काळ पैशाचा पूर आला, आणि पुढे साठा संपत आला तशी गैरव्यवस्थेने ती संपत्तीही ओसरली. जमिनीच्या नासाडीबद्दल नौरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १९९३ मध्ये तडजोड होऊन ऑस्ट्रेलियाने १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे मान्य केले. सुळके मात्र अजून तसेच पुष्कळ उभे आहेत. ध्वजाने पोट भरत नाही, हे खरेच. परंतु न्यायालयाच्या दारात बलाढ्य शेजाऱ्यासमोर वादी म्हणून उभे राहावयास लागतो तो अधिकार राष्ट्रालाच असतो. कर्टिस बेटावरील रहिवाशांना तो मिळाला नसता.

दोन अक्षरांची करामत

आता पुन्हा मोबाइलमधील त्या चिमुकल्या चित्राकडे वळू. ते तेथे आले कसे?

चित्राक्षरांचा प्रसार जपानमधील मोबाइल कंपन्यांनी केला. त्यांच्या संचात ध्वज होते दहाच : जपान, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, रशिया, चीन आणि दक्षिण कोरिया. पुढे ही चित्राक्षरे ‘युनिकोड’मध्ये घेण्याचा प्रश्न निघाला. युनिकोड म्हणजे जगातील सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी नोंदवहीच. आपली देवनागरीही त्यात आहे. तेथे साहजिकच शंका निघाली की, दहाच राष्ट्रांना मान द्यावयाचा तर बाकीच्यांनी काय घोडे मारले आहे? उलट, सर्वांना द्यावयाचा तर कोण राष्ट्र आणि कोण नाही, हे ठरविण्याचे लचांड गळ्यात येणार.

यातून काढलेली वाट मोठी चतुर आहे. २०१० मध्ये युनिकोडने एकाही देशाचा ध्वज न घेता रोमन वर्णमालेची सव्वीस खास अक्षरे घेतली. प्रत्येक देशासाठी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९७४ पासून दोन अक्षरांची खूण ठरवून दिलेली आहे : भारताची ‘आय’ आणि ‘एन’, नौरूची ‘एन’ आणि ‘आर’. ही दोन खास अक्षरे शेजारी शेजारी आली की मोबाइल त्यांच्या जागी ध्वज काढून दाखवितो. म्हणजे आपण नौरूचा ध्वज पाठवितो तेव्हा वस्तुतः चित्र जातच नाही. जातात ती दोन अक्षरे, आणि पलीकडचे यंत्र त्यांचा ध्वज रंगविते. म्हणूनच एका कंपनीच्या मोबाइलवर निळा रंग गडद दिसतो, तर दुसऱ्याच्या मोबाइलवर फिका. आणि ज्या यंत्रात चित्रे भरलेली नसतात तेथे नुसती अक्षरे उमटतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत १९९९ पासून नौरूला जसे भारताइतकेच एक मत आहे, तशीच येथे एकशेचाळीस कोटींना दोन अक्षरे आणि बारा हजारांनाही दोनच अक्षरे.

मात्र अक्षरे मिळाली म्हणजे ध्वज मिळालाच असे नव्हे. दक्षिण हिंदी महासागरात ऑस्ट्रेलियाच्या मालकीची हर्ड आणि मॅकडोनल्ड नावाची निर्मनुष्य बेटे आहेत. त्यांनाही ‘एच’ आणि ‘एम’ ही अक्षरे मिळालेली आहेत. पण ती उमटविली म्हणजे चित्र येते ते ऑस्ट्रेलियाच्याच ध्वजाचे. तेथे स्वतःचा ध्वज ठरविणारे कोणी राहतच नाही. १९६४ मध्ये नौरूचे लोक सामानसुमान बांधून कर्टिस बेटावर निघून गेले असते, तर रिकामे झालेले बेट जागच्या जागी राहिले असते, कदाचित त्याची दोन अक्षरेही राहिली असती. परंतु त्या अक्षरांवर बारा टोकांचा तारा बहुधा कधीच उगवला नसता. भूमीला खूण कोणीही देऊ शकतो. ध्वज देण्यासाठी तेथे राहण्याचा निश्चय केलेली माणसे लागतात.

वाटाण्याएवढ्या चित्रात त्या ताऱ्याची टोके नीट मोजता येत नाहीत. आपल्या अशोकचक्राचे चोवीस आरे तरी त्या आकारात कोठे मोजता येतात? पण आरे चोवीस आहेत हे आपल्याला ठाऊक असते, आणि तेवढ्याने ते चक्र आपल्यापुरते पुरे होते. नौरूच्या ताऱ्याचेही तसेच आहे. टोके बारा आहेत, त्यांतली दोन गेलेल्यांची आहेत, आणि उरलेल्यांनी त्यांची जागा राखून ठेवली आहे, एवढे ज्याला ठाऊक आहे त्याला ते चित्र कितीही लहान असले तरी वाचता येईल.