टाच उचलते का?

सकाळी ७. बुखारी (शेगडी) पेटली की मी आधी इनसोल, म्हणजे बुटातले सुटे आतले तळ, चाचपतो. बूट भाड्याने देणाऱ्या गुलमर्गच्या या दुकानात रोज संध्याकाळी स्नोबोर्डच्या प्रत्येक बुटातला इनसोल बाहेर काढून दोरीवर टांगतो. तो आतच राहिला तर खालची ओल सुटत नाही, आणि इथल्या थंडीत ओल्या बुटात बोटं लवकर बधिर होतात. बूट मात्र बुखारीपासून लांब ठेवायचे. फार धग लागली की फोम बिघडतो, चिकटवलेले थर सुटतात. जोड्या लावून इनसोल परत आत सरकवेपर्यंत खारट नून चाय आणि गरम गिरदा रोटी येते.

सकाळी ८.३०. गोंडोला (रोपवे) सुरू होण्याआधीची गर्दी. फेब्रुवारीत पुण्या-मुंबईची मंडळी बरीच असतात.

"दादा, मला आठ नंबर द्या. जरा सैलच द्या."

"नंबर राहू द्या, आधी पाय मोजू."

टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करतो आणि सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटीमीटर मोजतो. बसून मोजलेला पाय आखूड भरतो. उभं राहिलं की तळव्याची कमान दबते आणि पाय काही मिलिमीटर लांबतो. चांगला इनसोल कमानीला खालून आधार देऊन हे दबणं कमी करतो. त्यामुळे सैल बूट मागणाऱ्यालाही पुष्कळदा मापाचाच बूट नीट बसतो.

बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत आणि गुडघे वाकवले की मागे सरकावीत. मग चवड्यांवर उभं राहायला सांगतो. आत टाच उचलली गेली, तर बर्फावर पुढच्या कडेवर वळताना बोर्ड उशिरा ऐकतो. मग माणूस लेस आणखी आवळतो, पायाचा वरचा भाग दाबला जातो आणि मुंग्या येतात.

सकाळी ९.३०. आता कात्री. बुटाबरोबर येणारा इनसोल बहुधा पातळ, सपाट फोमचा असतो. बदली इनसोलला टाचेसाठी खोलगट वाटी आणि कमानीखाली कडक पट्टी असते. गिऱ्हाईक अंगठ्याने दाबून मऊ असेल तो उचलतं. ही निवड चुकीची, असं मी दरवेळी स्पष्ट सांगतो. मऊपणा दुकानात सुखावतो. उतारावर टाच जागेवर धरायला कडकपणाच लागतो.

कमान किती उंच, हे ओला पाय पुठ्ठ्यावर ठेवला की कळतं. पूर्ण तळवा उमटला तर उंच कमानीचा इनसोल देत नाही. मग अनवाणी इनसोलवर उभं करतो. आधार तळव्याला सगळीकडे सारखा लागला पाहिजे. मधेच गोळा टोचल्यासारखं वाटलं, तर तो इनसोल त्या पायाचा नाही.

कापताना जुना इनसोल नव्यावर ठेवायचा, टाचा जुळवायच्या, पुढची रेघ आखायची आणि रेघेच्या थोडं बाहेरून कापायचं. बुटात घालून बघायचं, मग पुन्हा कापायचं. कापायचं ते बोटांकडूनच, टाचेकडून कधीही नाही. वाटी गेली की इनसोलचा उपयोग गेला. कड दुमडत असेल तर पॉलिश पेपरने घासायची. जुना इनसोल खाली ठेवून वर नवा घालणं तर अजिबात नको: पाय वर उचलला जातो आणि बूट उगाच घट्ट होतो.

दुपारी १. राजमा-भात. अफरवट शिखराकडे जाणारा गोंडोल्याचा दुसरा टप्पा उघडला असेल, तर दुकान रिकामं असतं.

दुपारी ३. दुखरे पाय परत येऊ लागतात. पायही आता सकाळपेक्षा सुजलेले असतात, म्हणून खरं माप याच वेळी कळतं. तळव्यात पेटके आले असतील तर मी दोन गोष्टी बघतो. कमान फार उंच आहे का? की बूट सैल असल्यामुळे माणूस बोटांनी तळ पकडून ठेवतोय? नवशिक्यांमध्ये दुसरं कारण जास्त आढळतं. पोटरीला वरची कड रुतत असेल तर टाचेखाली पातळ पाचर देतो. टाच थोडी वर येते आणि दाब हलतो. करंगळीच्या बाजूला दुखत असेल तर इनसोलशी खेळत बसत नाही. इनसोल बुटाची रुंदी वाढवत नाही. रुंद बूटच द्यावा लागतो, आणि आपल्याकडे रुंद चवड्याचे पाय पुष्कळ दिसतात.

सकाळी दोन-दोन मोजे घालून आलेले इथेच एक जोड काढतात. जाड मोज्यांच्या घड्या पडतात, रक्त नीट फिरत नाही, पाय उलट जास्त गारठतात.

संध्याकाळी ६. इनसोल पुन्हा दोरीवर.

गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला येणार असाल, तर घरून गुडघ्यापर्यंत येणारे पातळ लोकरी मोजे आणि आपल्या पायाला जुळलेला इनसोल आणा. मापाचा असेल तर तो भाड्याच्या बुटातही बसतो.