मुलांचा श्वास आणि जीवरक्षक यंत्रे



पावसाळ्यात आणि थंडीत पेण-रोह्याकडच्या दवाखान्यांत सर्दी-खोकल्याच्या मुलांची रांग लागते. बहुतेक मुले चार-आठ दिवसांत खेळू लागतात. मात्र थोड्या मुलांमध्ये विषाणू नाकातून खाली उतरून फुप्फुसापर्यंत पोहोचतो. तेव्हा काय घडते आणि विज्ञान काय करू शकते, हे प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे.

आपल्या फुप्फुसात कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या पातळ पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. फ्लू, गोवर, आर.एस.व्ही., कोरोना यांसारख्या विषाणूंमुळे श्वासनलिका सुजतात, कफ साठतो, वायुकोशांत पाणी भरते. लहान बाळाच्या नळ्या मुळातच अरुंद, म्हणून थोडी सूजही त्याला भारी पडते. पुणे येथे ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तो १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा. २०२२ साली गोवंडी परिसरात गोवराची साथ आली, तीत लहान मुले दगावली. गोवरात मृत्यू बहुधा न्यूमोनियानेच होतो.

विषाणूवर नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत. म्हणून अशा वेळी मुख्य उपचार म्हणजे शरीर विषाणूशी झुंज देत असताना श्वास चालू ठेवणे. त्याच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी नाकातून प्राणवायू. दुसरी, नाकातून सतत दाबाने हवा देणे, म्हणजे वायुकोश मिटत नाहीत. तिसरी, श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर.

व्हेंटिलेटरचा इतिहास विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. पोलिओच्या विषाणूने श्वासाचे स्नायूच लुळे पडत. श्वास देणारी यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी होती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने पिशव्या दाबल्या. आजच्या अतिदक्षता विभागाचा पाया असा विद्यार्थ्यांच्या हातांनी घातला गेला.

व्हेंटिलेटरही अपुरा पडला तर शेवटची पायरी म्हणजे एक्मो. मानेतील किंवा जांघेतील मोठ्या शिरेतून जाड नळीने रक्त बाहेर काढतात. पंप ते कृत्रिम फुप्फुसात ढकलतो. तेथे पातळ पडद्यातून रक्तात प्राणवायू मिसळतो, कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो आणि गरम केलेले रक्त पुन्हा शरीरात येते. अमेरिकेत डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी १९७५ साली या यंत्रावर पहिले नवजात बाळ वाचवले. परिचारिकांनी तिचे नाव ठेवले एस्पेरांझा, म्हणजे आशा.

परंतु एक्मो रोग बरा करीत नाही. ते थकलेल्या फुप्फुसाला विश्रांती व वेळ देते. रक्त गोठू नये म्हणून औषध द्यावे लागते, त्यामुळे मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. जंतुसंसर्गाचे भय असते. श्वासाच्या आजारासाठी एक्मोवर ठेवलेल्या मुलांपैकी साधारण दहातली सहा घरी जातात. खर्च लाखांच्या घरात जातो आणि ही सोय मुंबई-पुण्याच्या मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच मिळते.

मग पेण-रोह्याच्या वाडीवस्तीवरील आईने काय करावे? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील कार्यकर्त्यांना आणि दाईंना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवले. त्यामुळे बालमृत्यू घटले, हे त्यांनी १९९० साली जगापुढे मांडले. आकडे न येणाऱ्या दाईंसाठी त्यांनी मणी व वाळूचे घड्याळ असलेले श्वास मोजण्याचे साधन बनवले. तेथे न्यूमोनियावर प्रतिजैविक दिले जाई. विषाणूच्या आजारात औषध वेगळे असले, तरी धोक्याची खूण तीच आहे.

मूल शांत असताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पोट उडते, छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, ओठ निळे पडतात, बाळ अंगावर पीत नाही, गुंगीत राहते, यांपैकी एकही खूण दिसल्यास क्षणभरही थांबू नये. पोटावर डाग देणे, अंगारा लावणे यात वेळ दवडू नये. पेण व रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात आहे. मुंबईला हलवायचे झाल्यास मुलाला वाटेतही प्राणवायू चालू राहील याची खात्री करावी. खासगी रिक्षा-जीपने धावपळ करू नये.

गोवर व न्यूमोकॉकल लसी सरकारी केंद्रात मोफत मिळतात, त्या वेळेवर द्याव्यात. घरात चुलीचा व विडीचा धूर टाळावा. विद्यार्थ्यांनी आपापल्या आळीतील पाच घरांना श्वास मोजायला शिकवावे. मोठे यंत्र मुंबईत असले, तरी पहिला मिनिट आपल्या घरातच मोजावा लागतो. तो वेळेवर मोजला गेला, तर बहुतेक मुलांना त्या यंत्रापर्यंत जावेच लागणार नाही.