राणीचा ब्रश

आमच्या रावेतच्या सोसायटीत कुत्र्यांचे लाड भरपूर. शाम्पू, स्वेटर, वाढदिवसाला केकसुद्धा! दातांचं मात्र कुणी नाव काढत नाही. 'कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच,' म्हणून आपण मोकळ्या होतो. मैत्रिणींनो, तो वास बहुतेकदा हिरड्या बिघडल्याचा असतो. आमची राणी सातव्या वर्षी आमच्याकडे आली ती तीन सडके दात घेऊनच. तरी बिचारी मुकाट जेवायची, फक्त एकाच बाजूने चावून.

मोठ्या कुत्र्याला ४२ दात, मांजराला ३०. दातांवरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, मग ब्रशने निघत नाही. म्हणून शक्यतो रोज घासायचे. बोटावर टोपीसारखा चढणारा रबरी ब्रश सुरुवातीला बरा. गालाकडची बाजू घासली तरी बरंच काम होतं. आपली टूथपेस्ट मात्र मुळीच नको! प्राणी चूळ भरत नाहीत, गिळतात. त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याच्या जिवावर बेततं. कडक हाडंही नकोत, दात तडकतात.

किटण बसलंच तर डॉक्टरांकडे अल्ट्रासॉनिक स्केलर असतो, पण भूल द्यावी लागते. भुलीच्या भीतीने वरवर खरवडून घेण्यात अर्थ नाही. खरी घाण हिरडीखाली असते. राणीचे ते तीन दात भूल देऊनच काढले.

सासूबाईंच्या लेखी जनावराचे दात म्हणजे बैलाचं वय ओळखायची खूण: आदत, दुसा, चौसा, जुळलेला. कुत्र्याला ब्रश म्हटल्यावर त्या पोट धरून हसल्या होत्या. परवा त्याच विचारत होत्या, "अगं, राणीची ती चिकनच्या चवीची पेस्ट संपली का गं?"