गालावरची लाली आणि कपाटातली ती ट्यूब

मैत्रिणींनो, गालावरच्या लालीचं आपल्याला कोण कौतुक! नव्या नवरीची लाली, उन्हातून खेळून आलेल्या पोरीची लाली. पण हीच लाली आली आणि गेलीच नाही तर? गाल सकाळ-संध्याकाळ तापलेले, शेगडीपाशी उभं राहिलं की आग आग, साधं पाणी लागलं तरी चुरचुर. मग कौतुक बाजूला राहतं आणि ऐकीव उपायांची रांग लागते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या वहिनींचं असंच झालं. चाळिशीच्या आतबाहेरचं वय. गालांवर वांगाचे डाग दिसू लागले होते आणि नात्यातलं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेल्या, तर काउंटरवरच्या मुलानं एक छोटी ट्यूब काढून दिली. "रात्री लावा, आठ दिवसांत फरक." आणि फरक पडला हो! लग्नात दोघीतिघींनी बाजूला घेऊन विचारलं, "काय गं लावतेस?" वहिनींनी मोठ्या मनानं नाव सांगितलं.

दीड वर्षानं त्याच वहिनी एका दुपारी पदरानं तोंड झाकून माझ्याकडे आल्या. गाल तांबडे, त्यावर बारीक शिरांचं जाळं, हनुवटीवर पुटकुळ्या, ओठाच्या वर कधी नव्हती ती लव. "ताई, एक दिवस लावलं नाही की भडका उडतो. लावलं की शांत होतं. आणि आता लेकीलाही मुरमांवर तीच देतेय मी." हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. दुसऱ्याच दिवशी मायलेकींना घेऊन मी त्वचेच्या डॉक्टर बाईंकडे गेले.

ट्यूबमध्ये असतं काय?

बाईंनी ट्यूब हातात घेतली, बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "लाली घालवायला जे लावताय, त्यानंच ही लाली आलीय."

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती. रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, त्वचेचा वरचा थर सोलवटणारं ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचं स्टिरॉइड. स्टिरॉइड हे काही विष नव्हे, बरं का! इसबासारख्या रोगांवर १९५२ पासून ते त्वचेवर वापरलं जातं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली फार गुणकारी ठरतं. पण ते त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतं. म्हणून लाली, सूज, खाज सारं झटपट नाहीसं होतं आणि आपल्याला वाटतं, उजळलो!

पुढे आठवड्यांमागून आठवडे लावत राहिलं की त्वचा पातळ होते आणि आतल्या शिरा वरून दिसू लागतात. मलम थांबवलं की इतके दिवस आवळलेल्या वाहिन्या एकदम सैल पडतात आणि चेहरा पेटतो. आपण घाबरून पुन्हा लावतो, पुन्हा गार वाटतं. हाच तो फास. चहाची तलफ चहानंच भागावी, तसं!

त्यातून चेहऱ्याची त्वचा नाजूक. हातापेक्षा ती औषध कितीतरी जास्त शोषून घेते. हायड्रोकॉर्टिसोन या सौम्य स्टिरॉइडची १९६७ साली तपासणी झाली, तेव्हा हाताच्या आतल्या बाजूच्या मानानं कपाळावर सुमारे ६ पट आणि जबड्याच्या कडेला १३ पट शोषण आढळलं होतं.

वहिनी एकट्या नाहीत. देशातल्या १२ त्वचारोग केंद्रांवर झालेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइडचं मलम लावत होते. पुढे २०१८ साली केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइडं 'शेड्यूल एच'मध्ये घातली. म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पण नियम कागदावर आणि ट्यूब काउंटरवर, हे काय आपल्याला ठाऊक नाही?

प्रत्येक लाली सारखी नसते

सगळाच दोष ट्यूबचा असतो असंही नाही. आपल्या गव्हाळ, सावळ्या वर्णावर लाली गोऱ्या कातडीसारखी लालबुंद दिसत नाही. ती तांबूस, काळपट दिसते. म्हणून डोळ्यांबरोबर हातालाही विचारा. गाल गरम लागतात का? चुरचुरतात का?

रोझेशिया: ऊन, शेगडीची धग, तिखट जेवण, गरम चहा यांनी गाल आणि नाक तापतात. हळूहळू लाली मुक्कामाला राहते आणि मुरमांसारख्या पुटकुळ्या येतात. आपल्याकडे ही मुरमंच समजली जातात.

कोंड्याची लाली: नाकाच्या कडा आणि भुवया लाल होतात, वर तेलकट खवले. बहुधा डोक्यातही कोंडा असतो.

ॲलर्जी: केसांचा डाय, टिकलीचा गोंद, नवं क्रीम. डाय डोक्याला लावला तरी सूज कपाळावर, पापण्यांवर येऊ शकते.

गजकर्ण: कडेनं उठावदार, खाजरा चट्टा. यावर स्टिरॉइड लावलं तर खाज थांबते आणि बुरशी मात्र मजेत पसरते. आगीतून फुफाट्यात!

ल्युपस: नाकाच्या दांड्यावरून दोन्ही गालांवर पसरलेली, फुलपाखरासारखी लाली. उन्हात वाढते. सोबत सांधे दुखणं, ताप, तोंडात फोड, केस गळणं असेल तर तो नुसता त्वचेचा रोग नव्हे. मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. हा रोग तरुण स्त्रियांत जास्त आढळतो, तेव्हा दिवस घालवू नका.

पाळी जाण्याच्या सुमारास अंगातून वाफा येतात, चेहरा क्षणभर लाल होतो आणि निवतो. ते वेगळं. त्याचा बाऊ करायला नको.

ट्यूब सोडायची कशी?

नीट ऐका, कारण इथेच बहुतेकजणी हरतात. मलम थांबवल्यावर काही दिवसांतच चेहरा आधीपेक्षा जास्त बिघडतो. लाली, सूज, आग, पुटकुळ्या. याचा अर्थ मलम हवंच आहे असा नाही, तर फास सुटताना आवळतोय असा आहे. पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी बरेच महिने लागतात.

म्हणून हे एकटीनं करू नका. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद करायचं, की सौम्य मलमावर येऊन हळूहळू कमी करायचं, हे डॉक्टर ठरवतील. त्या टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम देतील, गरज पडली तर काही आठवडे पोटात घ्यायच्या गोळ्याही देतील. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा. यातल्या काही गोळ्या चालत नाहीत आणि त्या तिहेरी मलमातलं ट्रेटिनॉइनही गर्भारपणी लावायचं नसतं.

आणि एक. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील, तर हा लेख वाचून त्या मनानं बंद करू नका. तसं करणं जिवावर बेतू शकतं.

घरी काय करावं?

चेहरा दोनदाच धुवा, साध्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं. टॉवेलनं घासू नका, टिपून घ्या. ओलसर त्वचेवर सुगंध नसलेलं साधं मॉइश्चरायझर लावा. आग होत असेल तर गार पाण्यात पिळलेला मऊ सुती पंचा पाच-दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट चोळू नका.

बाहेर पडताना छत्री किंवा ओढणी हवीच. झिंक ऑक्साइड असलेलं, एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन सहसा कमी चुरचुरतं. पोळ्या करताना खिडकी उघडी ठेवा, तव्यावर फार वाकू नका.

आणि लिंबू, कच्ची हळद, बेसनाचा घासून लावलेला लेप, वाफ, ब्लीच, फेशियल? चेहरा शांत होईपर्यंत यातलं काही नको. आजीचं उटणं धडधाकट त्वचेसाठी होतं, सोललेल्या त्वचेसाठी नव्हे.

आज रात्री एवढं करा

कपाटातली ट्यूब काढा, चष्मा लावा आणि बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं एखादं नाव आहे? मग ते स्टिरॉइड आहे. डॉक्टरांनी तुमच्यासाठी, ठरावीक दिवसांसाठी लिहून दिलं नसेल, तर ते तुमच्या चेहऱ्यासाठी नाही. शेजारणीच्या चिठ्ठीवरचं औषध तर मुळीच नाही.

तळमजल्यावरच्या वहिनींना चार महिने लागले. पहिल्या तीन आठवड्यांत तर आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता त्यांनी. आज आग थांबली आहे. गालांवरच्या काही शिरा आहेत, वांगाचे डागही थोडे परत आले आहेत. लेक लवकर सावरली, कारण तिनं दीडच महिना लावलं होतं. बऱ्या झाल्यावर वहिनींनी एक काम केलं. लग्नात ज्यांना ट्यूबचं नाव सांगितलं होतं, त्या सगळ्यांना एकेक करून फोन लावला. एक चिडली, एकीला पटलं नाही आणि तिसरी फोनवरच रडू लागली. तिचा चेहराही पेटत होता आणि ती कोणाला सांगत नव्हती.

तुम्हीही कधी कोणाला असं नाव सांगितलं असेल, हो ना? मग तेवढा एक फोन कराच.